अण्णा पट्ट्यावर चालतात

“सरका, सरका! चपला भाईर काढा! आन् कुनी खोकू नका, अण्णा चालाय लागलेत!”

केशरबाई दाराशी उभी राहून गर्दी आवरत होती. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण गर्दी दिसली की ती आवरल्याशिवाय केशरबाईला घास गोड लागत नसे. काकासाहेबांच्या ओसरीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. अर्धी देवळाली प्रवरा लोटली होती. शिवाय राहुरीचे पाहुणे होते, फॅक्टरीवर ऊस टाकून परस्पर इकडे आलेले गाडीवान होते आणि पुणतांब्याहून गोदावरीचं स्नान उरकून आलेल्या दोन म्हाताऱ्याही होत्या.

ओसरीच्या मधोमध एक यंत्र मांडलेलं होतं. खाली काळा रबरी पट्टा, दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी नळ्या आणि पुढे पत्र्याची एक पेटी. पेटीवर आकडे असलेली गोल मूठ होती आणि ती शून्यावर होती. पट्ट्यावर कुणीही उभं नव्हतं. तरी पट्टा सरसर फिरत होता. शेजारच्या बंद खोलीतून घुमल्यासारखा आवाज येत होता, “हूंऽऽऽ…”

“ऐका!” यंत्राशेजारी बसलेले पावलीबाबा डोळे मिटून म्हणाले. “अण्णांचा हुंकार! जित्तेपनी असाच हुंकार द्यायचे का न्हाई?”

“व्हय व्हय! चिलीम वढली की असंच!” गर्दीतून कुणीतरी ग्वाही दिली.

“पितर म्हंजे पाऊल, बाबांनो! मानूस जाताना जेवढं चालायचं ऱ्हायलं, तेवढं त्याला मागनं चालावंच लागतं. यंत्र इलायतेचं, पन आत्मा देवळालीचा! ह्याला म्हनत्यात आत्म-इलेक्ट्रिक. अमेरिकेला आजून ठावं न्हाई!”

अमेरिकेला ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक झाली, म्हणून गर्दी गहिवरली. बाबांनी हातातला लांब चिमटा यंत्राच्या नळीवर दोनदा आपटला. ठण्ण, ठण्ण. हुंकार थांबला आणि पट्टाही थांबला. दोन्ही म्हाताऱ्यांनी जमिनीला डोकं टेकलं.

स्वयंपाकघराच्या दारातून मुक्ताबाई हे पाहत होती. तिचं लक्ष ना बाबांकडे होतं ना पट्ट्याकडे. ती आपल्या नवऱ्याकडे बघत होती. काकासाहेब पाटावर बसून प्रसादाचा शिरा खात होते. वाटी तिसरी होती. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं आणि आतली जखम काही केल्या भरत नव्हती.

काकासाहेबांना साखरेचा आजार होता. शेतात ऊस, फॅक्टरीत ऊस, आणि आता रक्तातही ऊस, असं डॉक्टर यज्ञेश्वर म्हणायचे. त्यांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं आणि बजावलं, “काकासाहेब, रोज चाला. नाहीतर पाय जाईल, आणि मग चालायचा प्रश्नच मिटेल.”

पण चालायचं कुठे? जीपवाला बागाईतदार गावात पायी निघाला, तर त्याला सुखानं चालू देईल ते गाव कसलं! पहिल्याच दिवशी पहिल्या घरातून हाक आली, “काकासाहेब, जीप बिघडली व्हय?” दुसऱ्या घरातून आली, “कुनी गेलं का काय?” तिसऱ्या घरी बसवून घेतलं आणि चहा दिला. तो पाकासारखा गोड. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन काकासाहेब परतले, तेव्हा निघताना होती त्याहून जास्त साखर अंगात घेऊन आले. दोन दिवसांत गावभर झालं की काकासाहेबांनी जीप विकली. त्यांनी चालणं सोडून दिलं.

मग त्यांच्या मुलानं, श्रीमंतनं, अमेरिकेहून हे यंत्र धाडलं. घरातल्या घरात चालायचं, ना कुणी हाक मारणार ना चहा पाजणार. तिकडची वीज निम्म्या दाबाची, म्हणून सोबत दाब उतरवणारं एक जड खोकंही आलं. ते सारखं घुमायचं, म्हणून काकासाहेबांनी ते शेजारच्या खोलीत ठेवलं आणि वायर खिडकीतून ओसरीत आणली. महिनाभर सगळं बरं चाललं. काकासाहेब कुरकुरत का होईना, चालत होते. जखमही सुकू लागली होती.

मग आली खंडेनवमी. घरातल्या प्रत्येक अवजाराची पूजा झाली. जीप, बंदूक, फवारणीचा पंप, कुदळी, टिकाव. ज्याचा त्याचा नारळ ज्याच्या त्याच्या डोक्यावर फुटला. यंत्राची पाळी आली, तेव्हा नारळ फोडण्याजोगी टणक जागा एकच दिसली, ती म्हणजे पत्र्याची पेटी. काकासाहेबांनी दणका दिला. पाणी पेटीच्या फटींतून आत गेलं. “यंत्रानं परसाद घेतला!” म्हणून काकासाहेब खूश झाले. मुक्ताबाईनं मुठीला हळदीकुंकू माखलं आणि वर अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब पट्ट्यावर चढले. बटण दाबलं. मूठ शून्यावर होती, तरी पट्टा असा काही सुसाट सुटला की काकासाहेब थेट मागच्या आपट्याच्या पानांच्या ढिगात जाऊन पडले. दसऱ्याला सोनं लुटतात हे खरं, पण सोन्यात लोळणारे ते पहिलेच. त्या दिवसापासून पट्टा मनाला येईल तसा फिरू लागला. काकासाहेबांचे वडील, अण्णा, आयुष्यभर पायी फिरलेले. सकाळी पायी राहुरीला जाऊन संध्याकाळी परत येणारा माणूस. गड्यांनी कुजबूज सुरू केली की अण्णा आले. कुजबूज ऐकून चार दिवसांत पावलीबाबाही आले, सोबत भीमा नावाचा चेला घेऊन.

बाबांनी भीमाला शेजारच्या खोलीत मौनात बसवला. “तिथं अण्णांचा वास हाय, कुनी दार उघडायचं न्हाई!” यंत्रावर सकाळ-संध्याकाळ तीर्थ शिंपडायचं आणि पितरांच्या वाटेवर कुणी पाऊल ठेवायचं नाही, असं ठरलं. म्हणजे काकासाहेबांचं चालणं बंद झालं. वर शिऱ्याचा प्रसाद सुरू झाला.

“अवं, डॉक्टरांनी गोड खाऊ नका म्हनलंय,” मुक्ताबाई म्हणायची.

“परसादात साखर नसती, मुक्ता. भाव असतो,” काकासाहेब वाटी चाटत म्हणायचे.

इथपर्यंत तिनं सोसलं. पण त्या दिवशी गर्दी पांगल्यावर बाबांनी नवंच काढलं. “बेटा काकासाहेब, ह्या इंग्रजी गोळ्या पितरांच्या आड येत्यात. सोमवारी समद्या गावासमोर प्रवरेत सोडायच्या. मग बघ अण्णा जखमंवरनं कसा हात फिरवत्यात!”

आणि काकासाहेबांनी मान हलवली.

रात्री मुक्ताबाईनं विचारलं, “अवं, खरंच गोळ्या टाकनार तुमी?”

काकासाहेब म्हणाले, “अण्णा गेले तवा मी फॅक्टरीच्या मीटिंगला हुतो गं. शेवटाला माझंच नाव घेत हुते म्हनं. आता पट्ट्यावर त्यांचं पाऊल वाजतंय, तर मी न्हाई कसं म्हनू?”

चालायचा कंटाळा आणि शिऱ्याची चटक मुक्ताबाईला आधीपासून दिसत होती, त्यांच्याशी तिनं भांडण केलं असतं. हे दुःख तिला आज कळलं. तिला नवऱ्याची दया आली आणि त्या दुःखावर शिरा रांधून खाणाऱ्या बाबाचा संताप आला.

रविवारची आरती झाली. बाबांनी नळीवर चिमटा मारला. ठण्ण. पट्टा फिरू लागला. गर्दी हात जोडते न जोडते तोच गावातली लाईट गेली आणि पट्टा जागीच थबकला. बाबांनी पुन्हा चिमटा मारला. आणखी जोरात मारला. नळीला पोचा पडला, पण अण्णा हलेनात.

“पितर इसावा घ्यायलेत,” बाबा म्हणाले.

लाईट आली आणि अण्णांचा विसावाही संपला. मुक्ताबाईच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. जिवंतपणी अण्णांनी घरात विजेचा दिवा लावू दिला नव्हता. मेल्यावर त्यांना चालायला वीज कशी लागते? अण्णांना काय वायरमन लागतो? आणि चिमटा वाजल्याशिवाय ते हलत का नाहीत? आणखी एक गोष्ट होती. भीमाच्या खोलीत तिचा शेंगदाण्याचा डबा होता, आणि बंद दाराखालून रोज फोलपटं बाहेर येत होती. मौन तोंडाचं असेल, पण तोंड रिकामं नव्हतं.

ती तडक डॉक्टर यज्ञेश्वरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर तापट. त्यांना दोनच नाद, रोग्यांना रागावायचं आणि सवडीला रेडिओ उघडून जोडायचे. सगळं ऐकून ते ताडकन उठले. “गोळ्या नदीत? मी आत्ता येतो आणि त्या भोंदूला…”

“बसा, डॉक्टरसाहेब. तुमी येऊन भांडलात तर लोक म्हनतील, ह्यांचा धंदा बसला म्हून कोकलत्यात. भांडायचं न्हाई. करून दावायचं.”

डॉक्टर बसले. मग पेटीबद्दल, नारळाबद्दल आणि तीर्थाबद्दल त्यांनी खोदून खोदून विचारलं. “कधी जास्त वेगानं पळतो पट्टा?”

“तीर्थ शिपडलं की लई. दुपारी ऊन चढलं की अण्णा जरा मंद असत्यात.”

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. “वहिनी, उद्या मी पेचकस घेऊन येतो. आणि स्पिरिटची बाटली.”

सोमवारी अख्खा गाव लोटला. केशरबाईनं पदर खोचून दार सांभाळलं होतं. डॉक्टर यज्ञेश्वर पिशवी घेऊन गर्दीत मागे उभे होते. ताटात हळदीकुंकू वाहिलेल्या गोळ्या, ताटाशेजारी काकासाहेब आणि काकासाहेबांसमोर बाबा. बाबांनी पितरांच्या महतीवर तोंडाचा पट्टा सोडला होता. तेवढ्यात मुक्ताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात भाकरी शेकायचा चिमटा होता.

कुणाला काही कळायच्या आत तिनं तो नळीवर आपटला. ठण्ण.

“हूंऽऽऽ…” पट्टा फिरू लागला.

तिनं दोनदा आपटला. पट्टा थांबला.

केशरबाईनं किंकाळी फोडली, “आगं बया! मुक्ताकाकूच्या अंगात आलं!” आणि पुण्य कुणी आधी पदरात घ्यावं, या घाईनं पाच-सहा जणी मुक्ताबाईच्या पायावर पडल्या. कालपर्यंत बाबांसमोर लोळणाऱ्या दोन्ही म्हाताऱ्या त्यात सगळ्यांच्या पुढे होत्या.

“उठा गं! अंगात काय बी आलं न्हाई. जे हाय ते खोलीत हाय. चला, दावते.”

“दार उघडू नगं! कोप हुईल!” बाबा ओरडले. मुक्ताबाईनं दार ढकललं. आत घुमणाऱ्या खोक्याशेजारी भीमा मांडी घालून बसला होता. एक हात भिंतीवरच्या बटणावर, दुसरा शेंगदाण्याच्या डब्यात. एवढी माणसं बघून तो घाबरला आणि त्याचं मौन सुटलं.

“महाराज, माझी चूक न्हाई! एकदा वाजलं की चालू, दोनदा वाजलं की बंद. मी बराबर केलं!”

गर्दीत हशा पिकला. पण बाबा म्हणजे बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस. ते डगमगले नाहीत. “हसा, हसा! चेला बटन दाबतो. मी कवा न्हाई म्हनलं? दारात आलेल्याला कडी काढून द्यावी लागती. पन मूठ बघा! मूठ शून्यावर हाय. शून्यावर ह्यो पट्टा कोन चालवतं? सांगा की डॉक्टर!”

हसणं विरलं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. गोळी घ्यायला ताटाकडे गेलेला काकासाहेबांचा हात पुन्हा मागे आला.

“सांगतो की,” डॉक्टर यज्ञेश्वर पुढे झाले. “पण आधी रोगी तपासावा लागतो. भोंग्यासारखं बोलून निदान होत नाही.”

त्यांनी आधी भिंतीतली पिन काढली, थोडा वेळ थांबले आणि मग यंत्राच्या बुडाचं झाकण उघडलं. “तीन संशयित आहेत. वीज, मोटार आणि ही पेटी. काकासाहेब, तुमच्या जीपची बॅटरी आणवा.”

ड्रायव्हरनं बॅटरी आणली. डॉक्टरांनी मोटारीच्या दोन तारा पेटीपासून सोडवून बॅटरीला लावल्या. पट्टा अगदी हळू, शहाण्या बैलासारखा फिरू लागला. तार काढली, थांबला. “मोटार ठणठणीत आहे. सांगितलं तेवढंच करते. वीजही दोषी नाही, ती बिचारी येते आणि जाते. उरली पेटी.”

चार पेच निघाले, पत्रा उचलला गेला आणि आतून मुंग्यांची रांग बाहेर पडली. तारांवर वाळलेल्या खोबऱ्याचा तुकडा चिकटला होता. त्याभोवती हळदीकुंकवाचा राडा, त्यात अक्षता, आणि सगळ्यावर तीर्थाची चिकट ओल.

“अण्णांनी मुंगीचा जलम घेतला!” केशरबाई हात जोडून म्हणाली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

“केशरबाई, नारळाचं पाणी गोड असतं. गोडाला मुंग्या येतात. एवढंच आहे ते.” मग ते गर्दीकडे वळले. “कालव्याला दार असतं ना? पाणी सोडणारा पाटकरी सांगेल तेवढंच ते उघडतं. या पेटीतही विजेसाठी असंच एक बारीक दार आहे आणि ही मूठ म्हणजे त्याचा पाटकरी. मूठ शून्यावर, तर दार बंद. आता काकासाहेबांनी दारावरच नारळ फोडला. गोड, खारट ओल या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. तिच्यातून वीज पाझरते आणि पाटकऱ्याला न विचारता दार उघडतं. वर बाबा रोज तीर्थ शिंपडून ओल ताजी ठेवतात. बाबांनी औषध म्हणून रोगच पाजला.”

डॉक्टरांनी दात घासायचा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून पेटीचा आतला भाग घासून काढला आणि ती उन्हात ठेवली. ऊन खाईपर्यंत गावाला बिनसाखरेचा चहा मिळाला, त्यामुळे थोडी गर्दी आपोआप कमी झाली. मग पेटी जोडली. डॉक्टरांनीच बटण दाबलं. मूठ शून्यावर. खोकं घुमलं, पण पट्टा हलला नाही. मूठ एकावर केली, पट्टा हळू चालला. परत शून्यावर आणली, थांबला.

“योगायोग असंल,” बाबा पुटपुटले.

“मग नारळ आना,” काकासाहेब म्हणाले. सकाळपासून ते पहिल्यांदाच बोलले होते. “डॉक्टर, परत टाका पानी. मला बघायचंय.”

“अहो, आत्ता कुठे साफ केलं!”

“टाका. माझ्या बापाचा सवाल हाय.”

डॉक्टरांनी कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. पिन काढून पेटी उघडली, काचेच्या नळीनं नारळाच्या पाण्याचे थेंब त्याच जागी सोडले, झाकण लावलं आणि बटण दाबलं. मूठ शून्यावर होती. पट्टा सरसर पळू लागला.

काकासाहेब त्या रिकाम्या पट्ट्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. “म्हंजे अण्णा न्हवते.”

मुक्ताबाई त्यांच्याजवळ बसली. “अवं, अण्णांनी कवा कुनाला गोड खा, बसून ऱ्हा म्हनलं हुतं का? ते म्हनायचे, चाल रं, पाय हायेत तवर चाल. त्यांचं आईकायचं आसंल तर ते आईका.”

काकासाहेबांनी पदराचं टोक ओढून डोळे पुसले, पदर बायकोचा आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मग त्यांनी ताटातल्या गोळ्यांवरचं कुंकू झटकलं, एक गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायले. बाबांचा निकाल लावायला लोक वळले, तेव्हा बाबा आणि भीमा उसाच्या रिकाम्या गाडीत बसून राहुरीच्या वाटेला लागले होते. चिमटा मात्र इथेच राहिला.

डॉक्टर पुन्हा ब्रश घेऊन बसले आणि घासता घासता बोलत राहिले. “देवाला नारळ फोडा, माझी काही ना नाही. पण यंत्र बिघडलं तर त्याला नैवेद्य नको, पेचकस लावा. आणि अमकं आपोआप झालं असं कुणी सांगितलं, तर नमस्कार करायच्या आधी एक प्रश्न विचारा. लाईट गेल्यावर काय होतं? वहिनींनी तेवढंच विचारलं. विचारायला शिक्षण लागत नाही, लायसन लागत नाही. फक्त भीती थोडी बाजूला ठेवावी लागते.”

पुढच्या खंडेनवमीला नारळ उंबऱ्यावर फुटला. यंत्राला मुक्ताबाईनं कोरडं फडकं फिरवलं आणि लांबूनच एक फूल दाखवलं. काकासाहेबांच्या अंगठ्याची जखम तोवर भरली होती. घामानं निथळत ते पट्ट्यावर चालत होते आणि बायकोला शिव्या देत होते, कारण मूठ तिच्या हातात होती.

लोक अजूनही बघायला यायचे. केशरबाईही दारात असायचीच.

“या, या! चपला ऱ्हाऊ द्या, खोका हवं तितकं! मानूस चालतोय!”